दहापैकी आनंद

रविवार, १८ जानेवारी, सकाळी ९.४०. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी दार उघडताच आपला फोन माझ्या हातात कोंबला.

"ठेव वं तुयापाशी. दहा झाले."

त्यांना बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आहे, हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितले होते. दुःखाप्रमाणे आनंदही त्यांच्यावर पूर्ण वेगाने येऊन आदळतो. त्या भरातल्या आर्जवांनी माणसे बिचकून दूर जातात. म्हणून भावनेला दहापैकी आकडा द्यायचा आणि तो सातवर उतरेपर्यंत कोणाला उत्तर पाठवायचे नाही, हा त्यांचा नियम आहे.

दोन वर्षे अबोला धरलेल्या बहिणीने रामटेकहून विचारले होते, 'आज येऊ का?' ताईंचे न पाठवलेले उत्तर पडद्यावर तसेच होते: 'कायमचीच राहायले ये. मोठी खोली तुयी.'

"काहून हसून राहिली?" सांबारवडीसाठी कोथिंबिरीचे सारण परतत त्या म्हणाल्या. "मले तर नाचावं वाटून राहिलं!"

आणि झारा हातात घेऊन त्या खरोखर नाचल्या. विज्ञान शिकताना मी मोजमापाच्या अनेक पद्धती वापरल्या, पण स्वतःच्या सुखावर इतकी कठोर नजर ठेवणारे कोणी पाहिले नाही. आनंद त्यांनी जराही दाबला नाही; त्याच्या हाती फक्त फोन दिला नाही.

शेवटची वडी तळून झाली. "सात," म्हणत त्यांनी फोन घेतला, जुना मजकूर पुसला आणि लिहिले, 'ये. जेवायलेच ये.'

लगेच उत्तर आले: 'निघाली.'

ताईंनी ते दोनदा वाचले, डोळे पुसले आणि फोन पुन्हा माझ्यापुढे धरला.

"नऊ."