पत्रीवाला आणि साहेबांची घोडी

युसूफवडगावच्या बाजारात माझ्या तोडीचा नालबंद नव्हता. ही गोष्ट मी स्वतः सगळ्यांना सांगत असे, म्हणून ती सगळ्यांना ठाऊक होती. एका बाजारी मी चाळीस बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारल्या. घरधनीण चारच म्हणते, पण ती त्या दिवशी बाजारात नव्हती. एकदा एक खोंड मी असा काही खाली पाडला, की जमीन हादरून पलीकडच्या कुंभाराची मडकी चाकावर परत जाऊन बसली. तो कुंभार आता हयात नाही, नाहीतर त्यानं शपथ घेतली असती.

बैलाचं काम घोड्यासारखं नसतं. बैलाचा खूर दुभंगलेला. एका खुराला दोन, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या लागतात. आणि बैल उभा राहून पत्र्या मारू देत नाही. त्याला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र आवळायचे, मग हातोडी उचलायची. निम्मं कसब दोरात असतं.

त्या साली पोळ्याच्या आधी एका बैलानं पडता पडता माझा उजवा खांदा अंगाखाली घेतला. मी बाजारात सांगितलं, की बैलानं नंतर मान खाली घालून माफी मागितली. घरात मात्र पाण्याची घागर उचलताना तोंडातून आवाज निघायचा, तो मी खोकल्यात दडवायचो. हातोडी चालत होती, दोर ओढवत नव्हता. तीन बाजार गेले, एक बैल पडला नाही. जनावरं दुसऱ्या गावच्या नालबंदाकडे जाऊ लागली. बैल पाडता न येणाऱ्या पत्रीवाल्यानं घरी काय न्यायचं?

मग एक दिवस वाटलं, घोडं बरं. घोड्याला कुणी पाडत नाही. घोडं उभं राहतं, पाय हातात देतं. मोमिनाबादेहून घोडदळाचा रिसाला उठून गेला होता, त्याच्यासंगं त्याचे नालबंदही गेले होते. त्या बाजारी मी चार माणसांत सांगून टाकलं, की रिसाल्यातली घोडी स्वाराला पाठीवरून टाकून आपल्या पायांनी माझ्याकडं नाल मारून घ्यायला यायची. मी आयुष्यात घोड्याला एक नाल ठोकला नव्हता. आणि त्या चार माणसांत तहसील कचेरीचा चपराशी उभा होता.

चपराशी म्हणाला, साहेबांची घोडी लंगडते आहे, कचेरीत नालबंदाची जागाही मोकळी आहे, परवा ये. मी रुबाबात मान हलवली.

घरधनीण चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटत म्हणाली, "अवो, खोटं बोलायचं तर बैलाचं बोलावं. घोड्याचं कावून बोललात?"

मी हत्यारं घोंगडीत गुंडाळू लागलो.

कचेरीच्या ओट्यावर पेशकार, म्हणजे साहेबांचे कारकून, वही उघडून बसले होते. वहीत उभे रकाने होते: नाव, बापाचं नाव, गाव, हुन्नर, आणि शेवटचा सनदेचा, म्हणजे काम शिकल्याच्या दाखल्याचा. पेशकारांनी विचारलं, सनद कुठं आहे? मी म्हणालो, घरी आहे. ते म्हणाले, आण. मी म्हणालो, घर लांब आहे. त्यांनी कलम खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी बैलाच्या सडलेल्या खुराकडं पाहतो.

माझ्याआधी आलेला उमेदवार शेजारीच बसला होता. रिसाल्यात शिकलेला, दाढी कोरलेली, हत्यारं तेल लावून चामड्याच्या पिशवीत. त्याची सनद पत्र्याच्या नळीत होती. त्यानं ती उलगडली तेव्हा त्यावरचा शिक्का भाकरीएवढा दिसला. माझी हत्यारं घोंगडीत गुंडाळलेली होती आणि घोंगडीला शेणाचा वास होता. माणूस चांगला होता. त्यानं मला सुपारी दिली. मी ती चघळत बसलो.

तहसीलदार साहेब उर्दूत बोलायचे. मला अर्धं कळायचं आणि उरलेल्या अर्ध्याची भीती वाटायची. घोडी अंगणात आणली. तांबूस, भरदार, पुढचा डावा पाय जेमतेम टेकवणारी. चार दिवसांनी साहेबांना तिच्यावर बसून दौऱ्याला निघायचं होतं.

सनदवाल्यानं आधी हात घातला. जुना नाल उपटला, खूर तासला, नवा नाल बसवला. काम एवढं नेटकं झालं, की मला पळून जावंसं वाटलं. मग घोडी चालवली. लंगडणं तेवढंच होतं. त्यानं तिचा खांदा दाबून पाहिला आणि निकाल दिला, की दुखणं खुरात नाही, खांदा उखडला आहे, तापल्या लोखंडाचा डाग द्यावा लागेल. साहेबांनी मान डोलावली. सळई तापायला गेली.

तेवढ्यात चपराशी म्हणाला, हा दुसराही आला आहे, रिसाल्यातली घोडी याच्याकडं आपल्या पायांनी यायची म्हणे.

सगळे माझ्याकडं वळले. मी पुढं झालो. घोडी उभी राहते हे मला ठाऊक होतं, पण माझ्या हातांना ठाऊक नव्हतं. वीस वर्षांची सवय. मला कळायच्या आत घोंगडीतला दोर बाहेर आला आणि घोडीच्या पुढच्या पायांना फास पडला. मी तिला पाडायला निघालो होतो.

मोतद्दारानं, म्हणजे घोडीची निगा राखणाऱ्या माणसानं, माझ्या मनगटावर एवढ्या जोरानं फटका मारला की दोर सुटला.

"बैल हाय का बे ती?" तो दबल्या आवाजात म्हणाला. "पाय मोडशील तिचा."

पेशकार हसले. सनदवाला हसला नाही, ते मला जास्त लागलं. आता पळावं तर साहेबांच्या घोडीला फास टाकून पळालो असं होणार, आणि थांबावं तर करायचं काय. मी तसाच खाली बसलो आणि तिचा खूर हातात घेतला. घोडीचा का होईना, तो खूरच होता. उलट्या हातानं चाचपला. कोमट होता. दुसरा चाचपला, तो गार.

मी मोतद्दाराला म्हणालो, "हा नाल काढ, आन् थोडी काळी माती कालवून दे."

नाल मोतद्दारानंच उपटला, कारण मला तो उपटता येतो की नाही याची मलाच खात्री नव्हती. मग ओल्या चिखलाचा पातळ थर मी त्या खुराला सगळीकडून सारखा लिंपला. बैलाचं दुखणं मी असंच शोधत आलो. आत पू धरला असेल तिथं खूर तापतो, आणि तापल्या जागेवरचा चिखल सगळ्यांत आधी वाळतो.

मग आम्ही सगळे चिखल वाळायची वाट पाहत बसलो. साहेब खुर्चीवर, पेशकार वहीवर बोट ठेवून, सळई विस्तवात. थर सगळीकडं सारखाच काळा दिसत होता. मला वाटलं, हा वाळेपर्यंत हैदराबादेत निजामाची गादी बदलेल. सळई लाल झाल्याचं चपराशानं येऊन सांगितलं. साहेब उठले. मी खुरावरची नजर काढली नाही. मनात एकच होतं, की आता जर हा सारखाच वाळला तर घोडीला डाग बसेल आणि मला फटके.

टाचेकडं, आतल्या बाजूला, चवलीच्या नाण्याएवढी जागा पांढरी पडली. बाकी सगळा थर ओलाच.

"हितं," मी म्हणालो.

वाकड्या सुरीनं मी तिथला तळवा जरासा उघडला. काळं, घाण पाणी चिळकांडीसारखं माझ्या पटक्यावर उडालं. नंतर मी बाजारात सांगितलं, की ते कचेरीच्या छपरापर्यंत गेलं. आत बाभळीच्या काट्याचं टोक होतं. सनदवाला शेजारी येऊन बसला, काट्याकडं बराच वेळ पाहत राहिला, आणि त्यानं स्वतः जाऊन सळई पाण्यात बुडवली.

पण काटा निघाला म्हणजे घोडी चालेल असं नाही. साहेबांनी सांगितलं, दौऱ्यापर्यंत पाहू. कडुनिंबाचा पाला नि हळद बांधून मी तीन दिवस तिच्या पायाशी बसून काढले. चौथ्या दिवशी सकाळी तिला अंगणातल्या फरशीवर चालवलं, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. पाहायची छाती नव्हती. नुसतं ऐकलं. चारी टापा सारख्या वाजल्या.

साहेब म्हणाले, आता नाल ठोक.

मी वळलो. हातात नाल दिला गेला. एकच. बैलाला दोन लागतात, एवढंच मला त्यावेळी आठवलं. खिळा सूतभर चुकला असता तर ती घोडी पुन्हा लंगडी झाली असती, आणि या वेळी माझ्या हातानं. दोन सबबी सुचल्या, त्यातली एक चांगली होती. पण घोडीनं माझ्या खांद्यावर नाक टेकवलं होतं, नेमकं दुखऱ्या.

"हुजूर," मी म्हणालो, "घोड्याला नाल मी कधी मारला न्हाई. मी पत्रीवाला हाय."

साहेबांनी विचारलं, मग खोटं का बोललास? मी म्हणालो, खरं बोललो असतो तर हुजुरांनी मला घोडीपाशी येऊ दिलं असतं का?

साहेब सनदवाल्याकडं वळून उर्दूत काहीतरी म्हणाले. हे माझ्या न कळणाऱ्या अर्ध्यातलं होतं. सनदवाल्यानं मला सांगितलं, की त्याला मधल्या तीन दिवसांत औरंगाबादेकडं जागा मिळाली आहे, पंधरा दिवसांनी तो निघणार, तोवर त्याच्याकडून नाल ठोकायला शिकून घे, जागा तुझी. पहिला खिळा त्यानं माझ्या हातावर हात ठेवून मारून घेतला.

पेशकारांचं मात्र समाधान होईना. सनदेच्या रकान्यात काय लिहू, ते विचारत राहिले. साहेब म्हणाले, रिकामा ठेवा.

तो रकाना पुढं कितीतरी वर्षं रिकामाच राहिला. दरसाल बीडहून तपासणी यायची, आणि वहीवर फिरणारं बोट त्या जागी थांबलं, की सनद मागितली जाणार हे ठरलेलं. पण पेशकार तोवर माझे झाले होते. तपासणीच्या आदल्या दिवशी ते चपराशाकडून निरोप धाडायचे, की तपासणीवाल्यांना दाखवायला पागेत एखादं लंगडं जनावर बांधून ठेव, आणि सनद भिजवून ठेव.

मी घमेलं घेऊन काळी माती आणायला जायचो.