स्विचमधली जुनी ओळ

नेटवर्कच्या स्विचला नावांशी काही देणंघेणं नसतं. एका तारेतून आलेलं दुसऱ्या तारेत पाठवायचं, एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी त्याला आकड्यांचे पत्ते पुरतात. पण आपण त्याच्यावर लॉगिन करून एखाद्या मशीनचं नाव टाइप केलं, की त्या नावाचा पत्ता त्याला कुणाला तरी विचारावा लागतो. कुणाला, ते आपणच लिहून ठेवलेलं असतं: आधी हा नेम सर्व्हर, त्याने उत्तर दिलं नाही तर तो.

लखनौच्या ज्या संशोधन संस्थेत मी नेटवर्क सांभाळतो, तिथला पहिला सर्व्हर गेल्या हिवाळ्यात आम्ही बंद केला. लोकांच्या कॉम्प्युटरना उरलेल्या दुसऱ्याचा पत्ता आपोआप मिळाला. स्विच राहून गेले. आमच्या धंद्यातली ही ठरलेली चूक. जे हाताने लिहिलेलं असतं ते हातानेच बदलावं लागतं, आणि नेमकं तेच कुणाला आठवत नाही. मग नाव टाकलं की स्विच ढिम्म. बंद मशीनला विचारायचा, वाट बघायचा, पुन्हा विचारायचा आणि मग कुठे दुसऱ्याकडे वळायचा. उत्तर बरोबर यायचं, पण उशिरा. स्विचच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकेका स्विचमध्ये शिरून जुनी ओळ काढली. दुपारच्या चहाआधी काम संपलं.

लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घरी बायको होती तोवर नात्यागोत्यातली नावं लक्षात ठेवायची मला कधी गरज पडली नाही. सांगलीकडून फोन यायचा, "ओळखलंत का?" मी मोबाइलवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचो. ती पोळी लाटता लाटता हळूच सांगायची, तुमच्या आतेबहिणीचे दीर, मिरजेचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विचारा. मी गुडघ्याची चौकशी करायचो आणि माणूस खूश. मी फार माणुसकीचा, अशी माझी सगळीकडे ख्याती होती. ती सगळी तिच्या जिवावर.

ती जाऊन वर्ष होत आलं. फोन आले की मी "ओळखलं की" म्हणतो आणि कुणालाच ओळखत नाही. दोन-चार वाक्यांत बोलणं आटपतं. फोन कमी होत चालले होते. एकेक माणूस असं हातातून सुटत होतं आणि मला ते दिसत होतं. फार एकटं वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. नाव सांगितलं. म्हणाले, अयोध्येला चाललोय, उद्या लखनौला चारबाग स्टेशनवर गाडी बदलायची आहे, पाच मिनिटं भेटलात तर बरं वाटेल, तिच्या वेळी येता आलं नाही. मी दाराकडे बघितलं. ओट्यावर कालचं पातेलं तसंच पडलं होतं. मी बघतच राहिलो. पलीकडे ते हॅलो हॅलो करत होते. थोड्या वेळाने करतो म्हणून मी फोन ठेवला.

बंगळुरूला मुलीला लावला. ती लखनौतच वाढली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते हिंदीत. नाव ऐकल्याबरोबर म्हणाली, "अरे बाबा, वो तो आई के मामा के साढ़ू हैं, कराड वाले. आई को साइकिल उन्होंने ही सिखाई थी. चाय बिना चीनी की पीते हैं."

तुला हे कसं माहीत, असं मी विचारलं. लहानपणी ती ओट्याखाली बसून अभ्यास करायची. आई मला जे जे हळूच सांगायची, ते सगळं तिच्या कानावर पडायचं. मग चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, आई नाहीये आता. मला विचारत जा ना."

सोमवारी मी बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये घेऊन चारबागला गेलो. सायकलचा विषय मीच काढला. ते रडले, मीही रडलो.

आता फोन आला की मुलीला विचारतो. पण आधी नजर त्या दाराकडे जातेच. तिथून काही येत नाही, थोडा वेळ जातो, मग बंगळुरूला फोन लागतो. इतनी देर क्यों लगाते हो, असं ती दर वेळी विचारते. स्विचमधली ओळ मी चहाआधी काढली होती. ही काढायची नाही मला.