गच्चीचा तह

जगातले मोठे देश मोठे कसे झाले, हे अख्ख्या मुलुंडमध्ये फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि ते आमच्या बी विंगच्या चौथ्या मजल्यावर, अगदी माझ्या डोक्यावर राहतात. मुलांनो, मागच्या सुट्टीत ज्यांनी तुम्हाला जिन्यात अडवून जपान समजावून सांगितला, तेच हे भाऊजी. विक्रोळीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लेथ मशीन चालवलं. निवृत्त झाल्यावर जग चालवायला घेतलं. दूधवाला असो, इस्त्रीवाला असो, सिद्धांत सगळ्यांना एकच. "देश नुसता श्रीमंत असून काय उपयोग, वहिनी? पैसा म्हणजे पीठ. घराघरांतलं पीठ सरकारच्या परातीत येत नाही, तोवर भाकरी नाही. आणि ती भाकरी शेजाऱ्यांना लागली पाहिजे, तेव्हा देश मोठा!" त्यांना विरोध केला, की ते आनंदाने पायरीवर बैठक मारतात आणि आत माझी आमटी आटून जाते.

आमच्या सोसायटीत ए विंग श्रीमंत. त्यांनी स्वखर्चाने लिफ्ट बसवली, आम्हाला जिना. भाऊजींच्या बायकोचे, म्हणजे तुमच्या लाडूवाल्या आजीचे, गुडघे गणपतीत जे बिघडले, ते ती माउली सात महिने खाली उतरली नाही. चार मजले तिला झेपेनात. दोन्ही विंगची गच्ची मात्र एकच आहे. मध्ये जाळीचं दार, त्याला ए विंगचं कुलूप. ते उघडलं तर एक जिना चढायचा, पलीकडे एक उतरायचा, की लिफ्ट! दुसरा कोणी हात जोडून गेला असता. भाऊजी जगाचा नकाशा घेऊन गेले.

"काका, मी एकटी कसं ठरवू?" तिथली सेक्रेटरी म्हणाली. "मीटिंगला कोणी येतच नाही ना!"

"बघा! घरोघरी पीठ, परात रिकामी. तुम्ही श्रीमंत आहात, महासत्ता नाही!"

झालं. मला त्यांनी इंग्रजीत तह लिहायला बसवलं. मी एक पान लिहिलं. त्यांनी त्यात सागरी व्यापाराचा इतिहास घालून सहा केली. मी पाच फाडली. मग नऊ रविवार, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, त्यांनी ए विंगची एकेक बेल वाजवली. दार लागलं तर पुढच्या रविवारी पुन्हा. दहाव्या रविवारी मीटिंगला बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. भाऊजींनी नकाशा उलगडला, तोच मागून कोणीतरी ओरडलं, "काका, चावी घ्या, पण इंग्लंडपासून सुरू करू नका!" सगळे हात वर.

"मी पोर्तुगालपासून करणार होतो," परतताना ते जरा दुखावून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाडूवाली आजी खाली आली. गेटपाशी भाजीच्या गाडीला टेकून तिने एकेका भेंडीचं टोक मोडून पाहिलं. भाऊजी पिशवी धरून मागे उभे, गप्प. शेवटी मलाच राहवेना.

"काय भाऊजी, आज जगात काय चाललंय?"

"आज राहू द्या, वहिनी," ते हळूच म्हणाले. "ती भाव करतेय. ऐकू द्या जरा."