विहिरींची वही

उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत टेकवत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत सर पोरं मोजायचे. प्रार्थनेच्या आधी मोजायचे, प्रार्थना संपली की मोजायचे. दुपारी पोरं ताटं घेऊन ओळीनं बसली की मोजायचे आणि हात धुऊन परत आली की पुन्हा मोजायचे. मोजून झालं की क्षणभर थांबायचे आणि जवळ जो असेल त्याला, म्हणजे बहुतेक वेळा मलाच, म्हणायचे, "जमला वाटतं आकडा. तरी पुन्हा एकडाव मोजा की, बाई."

मी विज्ञान शिकवते. कर्नाटकातल्या हुमनाबादहून रोज सकाळच्या बसनं शाळेच्या गावाला जाते. ढाबे आणि लॉऱ्यांची रांग संपली की बस हमरस्ता सोडते आणि तुरीच्या रानांमधून आमच्या हायस्कूलच्या फाटकापाशी येऊन थांबते. शाळा मराठी माध्यमाची, वरून येणारे कागद कानडी, आणि पोरं दोन्ही भाषांत सारखीच भांडतात. अशा शाळेत ते पी.टी.चे सर होते.

पी.टी.चे सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो तो पुसून टाका. आमचे सर काडीसारखे बारीक होते आणि त्यांना सगळ्याची भीती वाटायची. लिंबाच्या झाडावर चढणाऱ्या पोरांची, फुटक्या फरशीची, पालीची, हेडमास्तरांची. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू ते प्रत्येक उडीआधी बोटांनी चाळायचे. खडा, काच, बाभळीचा काटा. पोरं रांगेत उभी राहून कंटाळायची आणि चौघांच्या उड्या होईतो तास संपायचा. कबड्डीत ओरडायचे, "हळू धरा रे, हळू."

"सर, हळू धरलं तर सुटायलाय की त्यो."

"सुटू दे की मग."

अशा शिकवणीवर आमची शाळा कबड्डीत तालुक्याला कधी गेली नाही, हे सांगायला नको.

एकदा बिदरच्या किल्ल्यात सहल नेली होती. जेवणानंतर सरांनी मोजायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, कुणीतरी हरवलं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, एक जास्त भरायलंय. कुणाचं लेकरू आणलंव आपण?" औरादकडच्या कुठल्याशा शाळेतली एक मुलगी आमच्या पोरींच्या डब्यातली शेंगाची चटणी आवडली म्हणून तिथंच बसली होती. तिला तिच्या बाईंच्या हातात देईपर्यंत सरांनी पाणी प्यायलं नाही. बसमध्ये आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, आणि हसता हसता बोट वर करून पुन्हा मोजायला लागले.

त्यांच्याजवळ एक वही असायची. जुन्या कानडी पेपरचं कव्हर घातलेली, जाड पुठ्ठ्याची. एकदा ते मैदानावर असताना मी ती उघडून पाहिली. प्रत्येक मुलाचं नाव, घर, शाळेत यायची वाट, आणि त्यापुढे त्या वाटेवरची विहीर. 'कठडा न्हाई.' 'मोटार हाय, जाळी मोडली.' 'पायऱ्या हैत, पाणी वर.' पानामागून पान तेच. मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि तेव्हापासून ती 'विहिरींची वही' झाली. कानडीचे सर त्यांना रोज विचारायचे, "मास्तर, आज कुठं पोहायला जायलाव?"

मीही एकदा विचारलं, "सर, हे सगळं कामून लिहिता?"

"असू द्या बाई. लागतंय कधी कधी."

मी हसू दाबलं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

शाळेच्या बातम्यांचा फळा माझ्याकडे होता. फाटकातून आत येताच दिसणारा हा फळा. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला त्याचा ताठाही होता. कोण निबंधात पहिली आली, कुणाचं विज्ञानाचं मॉडेल निवडलं गेलं, सगळं मी रंगीत खडूनं लिहायची आणि फळ्याचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. त्या वर्षी दहावीच्या निकालाच्या दिवशी हेडमास्तर सकाळीच म्हणाले, "बाई, बातमी लगेच गावात गेली पायजे." त्यांचंही चुकत नव्हतं. हुमनाबादच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस तेव्हा गावात यायला लागली होती, आणि आठवीला पोरं मिळतील की नाही याची त्यांना धास्ती होती.

निकाल आला. मी झेंडूची फुलं काढून मधोमध लिहिलं, 'दहावीचा निकाल. पंचविसांपैकी चोवीस उत्तीर्ण. अंबिका शाळेत पहिली. सर्वांचे अभिनंदन.' फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. राहिलेली एक म्हणजे रेणुका. गणितात गेली होती. तिचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं, तेवढं तारतम्य आपल्याला आहे, असं मनाशी म्हणाले.

सर सायकलवरून आले. पेढा घ्या म्हटलं तर घेतला नाही. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी ती ओळ बोटानं वाचली.

"बाई, एक कमी हाय."

"रेणुका, सर. गणित राहिलं. पुरवणी परीक्षा आहे की."

"तिला कुणी सांगितलं?"

"अजून कुणी नाही."

"तुम्हीच सांगितलं की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. "गावात दहावीला पंचवीसच लेकरं. चोवीस घरांत पेढे वाटायलेत. पंचविसावं घर कुठलं, ते काय लिहायला लागतंय व्हय?"

त्यांनी शर्टाच्या बाहीनं ती ओळ पुसली. पण ग्रुपवर ती कधीच गेली होती, खाली टाळ्यांची चित्रंही येत होती.

रेणुकाचं घर धनगर गल्लीत. आम्ही दोघं तिथं गेलो. बाप हमरस्त्यावरच्या ढाब्यावर रोट्या भाजायला, आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला. दाराला नुसती कडी होती. शेजारीण म्हणाली, "आत्ता हितंच फोन बघत बसली हुती. उठून गेली. भाकरी तशीच हाय बगा."

सरांनी वही काढली, पण हात इतका थरथरत होता की त्यांना पान उलटेना. मी वही घेतली आणि उभ्या रस्त्यात वाचायला लागले. ज्या पानांवर हसले होते तीच पानं. रेणुकाच्या नावापुढे तीन विहिरी होत्या.

पहिलीत पाणीच नव्हतं. दुसरीवर बायका कपडे धूत होत्या, म्हणाल्या, हिकडं कुणी न्हाई आलं. तिसरी ओढ्यापलीकडे, दगडी, जुनी, आत उतरायला पायऱ्या असलेली. मे महिन्याचं ऊन. सर पुढं पळत होते, मी मागं. लांबूनच मला वरच्या पायरीवरच्या चपला दिसल्या. दोन्ही, शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

माझे पाय तिथंच थांबले. त्याआधी आणि त्यानंतर मी इतकी कधी भ्यायले नाही. मला पुढं जाऊन आत बघवेना. पालीला भिणारा तो माणूस मात्र काठापर्यंत गेला, वाकला आणि त्यानं आत पाहिलं. मग मागं सरून ते तिथंच दगडावर बसले आणि मला हातानं गप्प राहायची खूण केली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात त्यांनी वर्गातला आवाज लावला. "एक. अंबिका."

मला काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हजर, सर," मी म्हणाले.

"दोन. इरण्णा."

"हजर, सर."

ते दहावीची हजेरी घेत होते. वही माझ्याच हातात होती, त्यांना सगळी पाठ होती. एकेका नावाला मी ओ देत होते आणि पुढं सरकत होते. काठाशी आले तेव्हा दिसलं, रेणुका खाली शेवटच्या पायरीवर बसली होती, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. वर बघत नव्हती.

"सोळा. महादेवी."

"हजर, सर."

"सतरा. रेणुका."

कपारीतून एक पारवा उडाला. कबड्डीत 'सुटू दे' म्हणणारे सर अठराव्या नावाकडे गेले नाहीत.

"सतरा. रेणुका," ते पुन्हा म्हणाले, तेवढ्याच साध्या आवाजात.

बऱ्याच वेळानं खालून आलं, "हजर."

"मोठ्यानं. वर ऐकू येईना."

"हजर, सर."

"मग वर ये. अजून आठ नावं राह्यल्यात."

ती एकेक पायरी चढून वर आली. मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. सरांनी राहिलेली आठ नावं खरंच घेतली आणि मी आठ वेळा हजर म्हणाले. "जमला आकडा," ते म्हणाले, आणि त्या भर उन्हात त्यांना हुडहुडी भरली. दात वाजत होते. रेणुकाच घाबरली आणि म्हणाली, "सर, काय व्हायलंय तुम्हाला?"

तिला घरी पोचवलं, आई रानातून येईपर्यंत बसलो. परत येताना वाटेत त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. "माझी धाकटी भैन हुती, बाई. तवा निकाल पेपरात यायचा, नंबर छापून. तिचा नंबर न्हवता. तिसऱ्या दिवशी शाळेत मार्कांचा कागद आला, पास हुती. पेपरात छापायचाच राह्यला हुता." मग थोडं चालून म्हणाले, "घरात आम्ही सहा माणसं हुतो. सांजच्याला कुणी मोजलंच न्हाई."

शाळेत हेडमास्तर फळ्यापाशी उभे होते. "बातमी कुणी पुसली?" हेडमास्तर समोर आले की सरांची पाचावर धारण बसायची. पण ते म्हणाले, "म्या पुसली, सर." हेडमास्तरांनी ओढ्याच्या चिखलानं भरलेल्या माझ्या साडीकडे पाहिलं. उरलेला फळा त्यांनी स्वतः पुसला.

तेव्हापासून आमच्या शाळेत निकालाची बातमी उशिरा लागते. आधी राहिलेल्या मुलांच्या घरी जायचं, त्यांच्याजवळ बसायचं, पुरवणीचा फॉर्म भरायचा, मग खडू हातात घ्यायचा. रेणुका पुरवणीत पास झाली, हुमनाबादला कॉलेज केलं, आता तिथंच एका औषधांच्या दुकानात काम करते.

सर निवृत्त झाले तेव्हा वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. "नव्या पोरांची नावं तुम्ही लिवा," म्हणाले. कलबुर्गीला लेकाकडे राहायला गेले, पण दर निकालाच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन यायचाच. "बाई, फळा लिवू नका. आधी मोजा." संध्याकाळी पुन्हा, "जमला का आकडा?"

गेल्या थंडीत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, म्हणाल्या, "दवाखान्यात पडल्या पडल्या खाटा मोजायले हुते बगा. एक कमी हाय म्हणायचे. मी म्हणायची, तुमचीच मोजली न्हाई तुम्ही." सांगताना त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावला. मला मात्र हसता आलं नाही.

यंदाचा निकाल आला त्या सकाळी फोन आला नाही. येणार नाही हे माहीत असून मी खडू घेऊन वाट बघत बसले होते. तिघं राहिली होती. दोघं घरी सापडली, रडून डोळे सुजलेली, पण घरी. तिसऱ्या मुलाच्या दाराला कडी होती आणि त्याचा फोन बंद. मी वही उघडली. हात थरथरायला लागला तेव्हा कळलं, पान उलटायला किती वेळ लागतो ते.

तेवढ्यात फोन वाजला. रेणुका होती.

"बाई, जमला का आकडा?"

"एक कमी हाय," मी म्हणाले.

पलीकडे दुकानातली गिऱ्हाइकं बोलत होती. मग आवाज बंद झाला, ती बहुतेक बाहेर रस्त्यावर आली. "फोन ठेवू नका, बाई. वहीत काय लिहिलंय ते वाचत चला. मी ऐकायलेय."

मी वाचत गेले आणि ती ऐकत राहिली. पहिली विहीर. दुसरी. प्रत्येक विहिरीत मी स्वतः वाकून पाहिलं, डोळे मिटले नाहीत. तिसरीकडे वळताना वाटेत त्याच्या मावशीचं घर लागलं. अंगणात आंब्याखाली बाजेवर तो तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. मी टॉवेल उचलला. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "बाई, आईला नका सांगू."

"सापडला," मी फोनमध्ये म्हणाले. "जमला आकडा."

रेणुका म्हणाली, "पुन्हा एकडाव मोजा, बाई."

मी बाजेच्या कडेला बसले, त्याचा हात धरून ठेवला, दुसरा हात वर केला आणि यंदाच्या दहावीच्या पहिल्या नावापासून मोजायला लागले.