उजवीकडची सायकल

सायकलवर मी नेहमी डावीकडे असायचे. उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला, शेजारच्या ताई. नियम त्यांनीच घालून दिलेला: मागून हॉर्न आला की उजवीकडचीने "गाडी!" म्हणून ओरडायचं, वेग कमी करायचा आणि डावीकडचीच्या मागे जायचं. गाडी गेली की पुन्हा शेजारी, पुन्हा गप्पा. गप्पा अर्थात ताईच मारायच्या.

त्या रविवारी दिंडोरी रोडला लागताना त्या म्हणाल्या, "आज तू उजवीकडे हो गं. सर्दीने माझा उजवा कान पार बंद झालाय."

नाही म्हणायलाही मला धीर लागतो. मी उजवीकडे गेले.

सकाळी त्या रस्त्याने टोमॅटोचे पिकअप मार्केटकडे सुसाट निघालेले असतात. ताई भाचीच्या लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होत्या, मी "हो का?" म्हणत होते, पण माझं सगळं लक्ष पाठीमागे होतं. त्यांचा कान आज मीच होते. आणि शाळेत हजेरीच्या वेळी माझं "प्रेझेंट, मिस" पुढच्या बाकापर्यंतही पोहोचत नसे.

हॉर्न आला. मी वेग कमी केला, मागे सरकले, तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही.

ताई बोलतच होत्या. माझं उत्तर येईना म्हणून त्यांनी उजवीकडे वळून पाहिलं आणि मानेबरोबर हँडलही वळलं. त्यांची सायकल रस्त्याच्या मध्ये सरकू लागली. पिकअप माझ्या कोपराजवळून पुढे गेला, सरळ त्यांच्याकडे.

"ताई, गाडी!"

तो आवाज माझा वाटतच नव्हता. ताई कडेच्या मातीत उतरल्या. ब्रेक करकचून लागले, वरचा एक क्रेट रस्त्यावर आदळला.

ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "ओ मावशी, गप्पा मारायच्या तर ओट्यावर बसा ना! लय जीव जड झालाय का?"

"चुकलं दादा," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही दोघींनी सांडलेले टोमॅटो गोळा करून क्रेटमध्ये भरले.

"परत जाताना एकामागे एक जाऊ," ताई म्हणाल्या. "तू मागे राहा."

म्हणजे हॉर्न माझ्याच वाट्याला. घरापर्यंत मी प्रत्येक हॉर्नला ओरडत आले. एकदा तर दूधवाल्याच्या मोटरसायकललासुद्धा.

"अगं, तो अजून पुलापलीकडे आहे!" ताई हसल्या.

"असू दे," मी म्हटलं आणि पुन्हा ओरडले.