अक्षरांचे उद्यापन

तुम्ही कधी दात घासण्याचे उद्यापन केले आहे का? भटजींना बोलावून, नारळ ठेवून, "आजवर घासले, आता पुरे" असे म्हणून तांब्या दान दिला आहे का? हसू नका. आमच्या घरात अक्षरांचे उद्यापन झालेले मी या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचा संताप मला अजून आवरत नाही.

माझा थोरला भाऊ मुंबईला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. शिमग्याला बोट रत्नागिरीच्या बंदरात लागली की तो दिसतो. एरवी येते ते त्याचे कार्ड. ते वडील पडवीत बसून मोठ्याने वाचत. शेजारचे दोन म्हातारे पान चघळत ऐकत, आणि वहिनी दाराआडून ऐके. बायकोसाठी लिहिलेले एखादे वाक्य आले की वडील खाकरत, म्हातारे हसत आणि वहिनी आत पळे. एकदा विहिरीवर ती मला म्हणाली, "वन्सं, मला शिकवा. माझं कार्ड माझं मला वाचायचंय."

मी तेव्हा शाळेत जात होते आणि स्त्रीशिक्षणाची पत्रके वाचून पेटले होते. वहिनी माझ्याहून पेटली. कार्तिकीपर्यंत सबंध पोथी वाचून दाखवणार म्हणाली!

"आधी 'ग' आणि 'म' वेगळे ओळखा," मी म्हटले. "रोज एक अक्षर गिरवायचं. एवढंच."

"एवढंच? लोक हसतील हो."

"लोकांना सांगताय कशाला?"

पण घरात सांगणे भागच होते. सासूच्या डोळ्यांदेखत सून पाटी घेऊन बसणार कशी? वहिनी हेदवीची, डोक्याने तल्लख. आषाढी एकादशीला तिने जाहीर केले की आपण चातुर्मासाचा नेम धरला आहे: तुळशीला पाणी घातल्यावर अक्षर गिरवल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही. नेमापुढे आईचे काय चालणार? आई स्वतः एकवेळ जेवत होती, शेजारच्या काकूंनी दूध सोडले होते. त्यात सुनेने पाटी धरली, एवढेच.

पावसाळाभर नेम मोडला नाही. ताप आला तेव्हा पांघरुणातून हात काढून तिने 'ढ' गिरवला. बाराखडी झाली, साधे शब्द लागू लागले. राहिली ती जोडाक्षरे.

कार्तिकात एके दिवशी शाळेतून घरी आले, तर माजघरात भटजी पाटावर बसलेले. समोर ताम्हनात नारळ आणि नारळाशेजारी वहिनीची पाटी, स्वच्छ धुतलेली, हळदकुंकू लावलेली! अंकलिपीवर तुळशीपत्रही होते.

"हे काय चाललंय?"

"उद्यापन," आई म्हणाली. "ज्याचा नेम त्याचं दान. काकूंनी दुधाचा लोटा दिला, हिने पाटी."

"अजून जोडाक्षरं यायचीयत तिला!"

"अगो, नेम धरला तो सोडायला नको? की जन्मभर मानेवर ठेवायचा?"

"एक दिवस चुकले नाही हो वन्सं," वहिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की मला आईपेक्षा त्या समाधानाचाच राग आला. "पुढच्या आषाढीला धरीन की पुन्हा!"

"नातवाला होईल हो," म्हणत भटजींनी पाटी उचलली. "मुलगी तापट दिसत्येय. सासरी कसं व्हायचं हिचं?"

"सासरी मी पाटी दान देणार नाही," मी म्हटले. आईने मला तिथून हाकलले.

आमच्या लोकांचे हे असेच. आळीतले तरुण पाडव्याला तालमीची शपथ घेतात आणि शपथेचे पेढे वाटून झाले की व्यायाम झालाच असे मानतात. सुरुवात वाजतगाजत, शेवटही वाजतगाजत. मधले साधे, कंटाळवाणे काम तेवढे कुणाला नको.

मार्गशीर्षात कार्ड आले. वडील बाहेर गेले होते, म्हणून पोस्टमनने ते वहिनीच्याच हातात दिले. तिने ते जांभ्याच्या पायरीवर बसून वाचले. तिला लागले ते एवढेच: "मी आठवडाभर... होतो. आता... आहे. तू काळजी करू नको." मधले शब्द सगळे जोडाक्षरांचे. मी शाळेतून येईपर्यंत तिला धीर निघाला नाही. वडील येताच कार्ड त्यांच्या हाती गेले, आणि पुन्हा पडवीत, म्हाताऱ्यांसमोर, मोठ्याने: "मी आठवडाभर इस्पितळात होतो. आता प्रकृती स्वस्थ आहे."

"नेमकी जोडाक्षरंच राहिली हो," ती मला म्हणाली. डोळे रडून लाल झाले होते.

"मग उद्यापासून धरा."

"आता मध्येच कसा धरायचा नेम?"

"नेम म्हणूच नका! पेज उतू जाईल म्हणून रोज चुलीपाशी बसता, तो काय नेम आहे?"

"इश्श, ते काम."

"मग हेही काम."

तेव्हापासून पेज शिजेपर्यंत ती फुटक्या कौलावर कोळशाने एक जोडाक्षर काढते. आईने विचारलेच, "पाटी दान केल्येस ना गो?" वहिनी म्हणाली, "ही पाटी कुठाय? कौल आहे." पाहुणे आले की दिवस हुकतो. कुणी हळहळत नाही, कुणी भटजी बोलावत नाही, दुसऱ्या दिवशी कोळसा पुन्हा हातात. परवाचे कार्ड तिने स्वतः वाचले. अडली ती एकाच शब्दाला, आणि तो मला विहिरीवर कानात विचारला. तो शब्द तुम्हाला सांगण्यासारखा नाही.

तुमच्या घरात अशी कुणी दाराआड उभी असेल, तर उद्या सकाळी पेज शिजत असताना तिच्या हाती कोळसा द्या आणि एक अक्षर काढून दाखवा. मुहूर्त पाहू नका, शपथ घालू नका. परवा पुन्हा दाखवा. आणि हे संपायचे कधी असे कुणी विचारले, तर त्याला पेज वाढा आणि गप्प बसवा.