भासऱ्यांचं लाटणं

लाकूड लहान करण्यात आमच्या भासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. सुतार लाकडाचं टेबल करतो, खुर्ची करतो, दार करतो. आमचे भासरे लाकडाचं आधी लाटणं करायला घेतात, मग त्या लाटण्याचा रवीचा दांडा होतो, दांड्याची खुंटी होते, आणि खुंटीची शेवटी एक अशी काडी उरते की तिनं कान कोरायचीसुद्धा भीती वाटावी. त्यांच्यापुढे ओंडका ठेवून आपण जेवून आलो, की ओंडक्याच्या जागी भुशाचा ढीग असतो आणि ढिगाशेजारी भासरे चष्मा कपाळावर सारून, काहीतरी चिमटीत धरून, उजेडाकडे पाहत उभे असतात. "ब्यूटीफुल," ते स्वतःशीच म्हणतात.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. पुरानी बस्तीत आमचं दोन्ही भावांचं घर एक आणि चूलही एक. भासऱ्यांचा जन्म रेल्वेच्या कचेरीत गेला. तिथं त्यांचा लाकडाशी संबंध आला तो खुर्चीपुरता, आणि लोखंडाशी पंख्यापुरता. पण रिटायर झाल्यावर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आम्ही रेल्वेवाले. मशीन आमच्या रक्तात हाय." रक्तातली मशीन बाहेर यायच्या आधी त्यांनी हार्मोनियम घेऊन पाहिलं, तेव्हा शेजाऱ्यांनी आपल्या खिडक्या बदलून घेतल्या. मग गच्चीवर कुंड्यांमध्ये ड्रॅगन फ्रूट लावलं. त्याला फळ काही आलं नाही, पण वाळत घातलेल्या साड्या मात्र सगळ्या फाडून ठेवल्या. आणि मग एक दिवस त्यांना मोबाईलवर तो गोरा म्हातारा दिसला.

हा म्हातारा लाकडाचा तुकडा मशीनवर लावायचा आणि चहा थंड व्हायच्या आत त्यातून वाडगा काढून हसायचा. त्याचं इंग्रजी भासऱ्यांना धड कळत नव्हतं, पण हसणं कळलं. त्यांनी नवशिक्यांसाठी असतं तसलं, सगळ्यात स्वस्तातलं लेथ मशीन ऑनलाइन मागवलं. खोकं आलं तेव्हा जाऊबाईंना वाटलं मिक्सर आला, म्हणून त्यांनी कौतुकानं ओवाळायची तयारी केली. आत निघालं ते शिलाई मशीन आडवी झोपवल्यासारखं एक निळं यंत्र. त्याच्या दोन टोकांमध्ये लाकूड धरायचं, बटण दाबलं की लाकूड गरगर फिरतं, आणि फिरत्या लाकडाला पटाशीची धार लावली की ते सोलून निघतं, गोल होतं. इतकं सोपं काम. म्हणजे म्हातारा करत होता तोवर सोपं होतं.

पहिल्याच दिवशी मशीन सुरू झालं आणि थरथरत पोर्चमधून फाटकाकडे निघालं. भासरे पटाशी घेऊन मागे. जाऊबाई दारातून ओरडल्या, "अवो, पकडा! तुमची मशीन सदर बाजारात चालली!" मग त्याला वजन हवं म्हणून घरातलं तांदळाचं पोतं मशीनच्या पायांवर टाकलं. तेव्हापासून भात लावायचा म्हटलं की आधी मशीन बंद करायला लागायचं, आणि भातात भुसा निघाला तर कोणी बोलायचं नाही असं ठरलं. चहात भुसा, पोह्यांत भुसा, देवाच्या समईतही भुसा. भासरे म्हणायचे, "सागाचा हाय. पोटात गेला त काही होत नाही."

लाकडाचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून भासरे स्कूटरचं हेल्मेट घालतात. नव्या रायपुरच्या त्या लांबच लांब रस्त्यांवर ज्यांनी कधी हेल्मेट घातलं नाही, कारण त्यानं म्हणे डोकं दुखतं, ते पोर्चमध्ये एका जागी उभं राहताना ते घालून असतात. समोरच्या भिंतीवरून शेजारच्या म्हातारबाई रोज विचारायच्या, "का बनावत हव भैया?" काय करून राहिले, असं. आणि भासरे हेल्मेटच्या आतून रोज तेच सांगायचे, "बन जाएगा तब बताएंगे." हा माणूस खोटं बोलत नव्हता. झाल्याशिवाय खरंच त्यांनाही कळत नसे. कारण फिरताना लाकूड एका बाजूला जास्त कापलं जायचं, ते सारखं करायला दुसऱ्या बाजूनं कापायचं, मग पहिली बाजू जाड दिसायची. असं करत करत जे हातात उरेल त्याला ते शांतपणे नाव द्यायचे. "हा कपाटाचा मुठ्ठा हाय. मुठ्ठाच करून राहिलो होतो मी." आमच्या नात्यात असं एकही घर नाही ज्यात भासऱ्यांनी दिलेला मुठ्ठा नाही, आणि असं एकही कपाट नाही ज्याला तो बसला आहे.

कधीमधी एखादं लाटणं लाटण्याच्या मापाचं असतानाच थांबायचं. ते तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण जाऊबाईंनी पहिल्या दिवशीच हात जोडले होते. आता आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी सरळ बोलत नाही. पदर घ्यायचा, दाराआड राहायचं. त्यांना काही सांगायचं असेल तर तेही मला नाही, फ्रिजला सांगतात. "लाटणं ओट्यावर ठेवलं म्हणा," ते फ्रिजकडे पाहून म्हणायचे आणि जायचे. मी त्या लाटण्यानं पोळ्या लाटायची. मग पोळी ताटात पडली की भासरे ती दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे करायचे. एका कडेला कागदासारखी, दुसरीकडे भाकरीसारखी. तोंडानं मी काय सांगणार? पोळीच सांगायची. "डावीकडं पोट राहिलं," ते उदास होऊन म्हणायचे आणि ती पोळी मुकाट्यानं खायचे. वर्षभर आमचं बोलणं असं पोळ्यांतून चाललं होतं.

हे असंच मजेत चाललं असतं. पण पुतणीचं लग्न ठरलं.

पुतणी म्हणजे भासऱ्यांची एकुलती एक पोट्टी. नव्या रायपुरच्या एका ऑफिसात जाते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतून येतं. मुलाकडचे गोंदियाचे. साखरपुड्याला पंगत बसली असताना भासऱ्यांना जिलबीबरोबर जोर चढला आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले, "रुखवतात पोळपाट-लाटणं ठेवतात ना, ते माझ्या हातचं राहीन. बाजारचं नाही."

विहीणबाई ठसक्यातल्या. त्या म्हणाल्या, "वा! मग आमची सून पहिली पोळी त्याच लाटण्यानं लाटेल. मी स्वतः समोर बसून खाईन."

जाऊबाईंच्या हातातला वरणाचा डाव पातेल्यात पडला. पुतणी कपाळावर हात मारून म्हणाली, "पप्पा, आपने ये क्या बोल दिया!"

त्या दिवसापासून घरात लग्नाची गडबड एकीकडे आणि मशीनची घरघर एकीकडे. पोळपाटाचा प्रश्न लवकर मिटला. मशीन इतकं लहान की त्यावर जास्तीत जास्त पुरीएवढा पोळपाट बसत होता, आणि तोही कापता कापता पेढ्याएवढा झाला. "पोळपाट बाजारचा घेऊ," भासरे म्हणाले, "लाटणं मात्र माझंच." जाऊबाई पत्रिका वाटायला निघाल्या की भासरे वखारीतल्या आरामशीनवर लाकूड आणायला. परत येताना जाऊबाई रिकाम्या हातानं यायच्या आणि हे ओझं घेऊन. "पोरीचं लग्न हाय का तुमच्या मशीनचं?" त्या विचारायच्या. पुतणी रोज सांगायची, "पप्पा, प्लीज, मार्केट से ले लेते हैं न. किसको पता चलेगा?" भासरे हेल्मेट खाली ओढून घ्यायचे. ऐकायचं नसलं की त्यांना सुरक्षेची आठवण होते.

आणि मग, खरंच सांगते, एक लाटणं झालं. बाभळीचं होतं. लाकूड ओलं असल्यामुळे पटाशी लोण्यात फिरल्यासारखी फिरली. मधे किंचित भरलेलं, दोन्हीकडे निमुळतं, हातात धरलं की आपोआप पुढे जाणारं. मी पोळी लाटली ती अशी गोल की भासऱ्यांनी ती खाल्लीच नाही, ताटात फिरवत बसले. जाऊबाईंनीही आडून आडून दोनदा हात फिरवून पाहिला. मला वाटलं, सुटलो.

पण आरामशीनवाल्यानं त्यांना बजावलं होतं, लाकूड गीला है, सुखाना पड़ेगा. आमच्या घरात वाळवायचं म्हणजे काय ते सगळ्यांना एकाच प्रकारचं माहीत. गच्चीवर एका जुन्या धोतरावर जाऊबाईंच्या कुरडयांचं आणि सांडग्यांचं वाळवण घातलं होतं. भासऱ्यांनी त्याच धोतरावर, कुरडयांच्या शेजारी, आपलं लाटणं ठेवलं. रायपुरचा मे महिना. ज्या उन्हात कावळेसुद्धा सावली शोधतात, त्या उन्हात हे छत्री घेऊन बसले, आणि दर थोड्या वेळानं पापड उलटावा तसं लाटणं उलटत राहिले. संध्याकाळी कुरडया खडखडीत वाळल्या होत्या. लाटणंही वाळलं होतं. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत नख जाईल अशी भेग पडली होती.

भासरे खाली आले. लाटणं पुन्हा मशीनवर चढवलं. भेग निघेपर्यंत थोडंसंच कापायचं होतं. पण भेग आत आत जात होती, आणि ते तिच्या मागे मागे. मशीन थांबलं तेव्हा हातात करंगळीएवढं काहीतरी होतं. मी दाराआडून वाट पाहिली, की आता म्हणतील, हेच करून राहिलो होतो. पण त्यांनी ते तांदळाच्या पोत्यावर ठेवलं आणि हात धुवायला गेले.

जाऊबाईंनी मला सदर बाजारात पाठवून पोळपाट-लाटणं आणवून घेतलं. चकचकीत, पॉलिश केलेलं. लग्नाच्या दिवशी ते रुखवतात मधोमध मांडलं, आजूबाजूला लाडू, अनारसे आणि सांडगे. भासरे नवीन सफारीत आले, त्यांनी ते लाटणं उचलून तळहातावर फिरवलं, आणि परत ठेवलं. इतक्यात विहीणबाई बायकांचा घोळका घेऊन आल्या. त्यांनी बरोबर तेच उचललं.

"अरे वा! हेच का तुमच्या हातचं? बाजारच्यासारखं झालं हो!"

हो म्हणायला काय लागत होतं? पुतणी मुंडावळ्यांच्या आडून बापाकडे पाहत होती आणि डोळ्यांनीच सांगत होती, हव म्हणा, पप्पा, हव म्हणा. ज्या माणसानं वर्षभर प्रत्येक काडीला नाव दिलं, त्याला या एका लाटण्याला नाव देणं काय जड होतं?

"नाही," भासरे म्हणाले. "हे बाजारचंच हाय. माझं नाही जमलं."

सनईवाल्यानं नेमकं तेव्हाच थांबायचं ठरवलं होतं. विहीणबाईंनी भुवया वर केल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात जाऊबाई पुढे झाल्या. त्यांच्या हातात मिठाईचा एक जुना डबा होता. तो त्यांनी रुखवतावर उपडा केला. पेढ्याएवढा पोळपाट. करंगळीएवढं लाटणं, त्याच बाभळीचं. बोटभर रवी, अंगठ्याएवढा खलबत्ता, आणि ज्यांना आम्ही मुठ्ठे म्हणून हसलो होतो ते सगळे जणू डाव आणि पळ्या. भुशात पडलेलं एक एक उचलून त्यांनी कधी जमवलं होतं, मला या घरात राहून कळलं नव्हतं.

"ही भातुकली हाय," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या होणाऱ्या नातीसाठी. हेच करून राहिले होते ते वर्षभर."

भासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. हे वाक्य आपल्याशिवाय कोणाला येतं हे त्यांना माहीत नव्हतं. विहीणबाईंनी ते छोटं लाटणं घेतलं, तळहातावर फिरवलं, आणि त्यांना हसू आलं. "एवढ्याशा लाटण्याला लाकूड किती लागलं असेल हो?"

"जंगल," जाऊबाई म्हणाल्या.

घोळक्यातल्या बायका एक एक वस्तू उचलायला लागल्या, तशी पुतणी पाटावरून उठली. "कोई हाथ मत लगाना. मेरा है." नंतर जाताना तो डबा तिनं सामानात ठेवू दिला नाही. मांडीवर घेऊन गाडीत बसली.

आता मशीनवर जुनी चादर टाकलेली आहे. तांदळाचं पोतं स्वयंपाकघरात परत आलं. परवा जाऊबाई पोहे खाता खाता थांबल्या आणि म्हणाल्या, "यात काही कमी वाटून राहिलं का तुले?" मी मीठ पाहिलं, लिंबू पाहिलं. सगळं बरोबर होतं. भिंतीवरून शेजारच्या म्हातारबाई अजून डोकावतात, पण विचारत नाहीत. भासरे पोर्चमध्ये खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसतात. स्कूटरवरून जाताना हेल्मेट घालायला लागले आहेत, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. ते दारात आले आणि फ्रिजला म्हणाले, "कोणाले काही पाहिजे असन त सांगा म्हणा. मी रिकामाच हाय."

फ्रिज काही बोलला नाही. इतकी वर्षं झाली या घरात येऊन, पण आज पहिल्यांदाच मी पदर सारखा करून सरळ त्यांनाच म्हणाले, "मले एक लाटणं पाहिजे, दादा. हे झिजलं."

मी कोणाशी बोलते आहे ते पाहायला त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग घसा साफ करून म्हणाले, "केवढं?"

मी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. थोड्या वेळानं पोर्चमधून घरघर सुरू झाली आणि जाऊबाई तांदळाचं पोतं ओढत बाहेर निघाल्या. लाटणं मला हातभरच पुरतं. पण माप दाखवताना मी हात होतील तितके लांब केले होते.